मंगला आणि कुसुम यांची एकच मुलगी

चिक्कडपल्लीत कुसुमताईंचं घर विचारलं, तर कोणीही त्यांच्या फॉल-पिकोच्या मशीनपर्यंत आणून सोडेल. आधार कार्डावर मात्र त्या मंगला आहेत. यात लपवाछपवी काही नाही. लग्नात सासरची माणसं ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितात आणि माहेरचं पुसून टाकतात, तसं त्यांचंही पुसलं. धाकट्या नणंदेला, योगिनीला, मंगला हे नाव जुनाट वाटलं. म्हणून तिनं ठरवलं काय, तर कुसुम! सगळे पेढे खाऊन मोकळे झाले.

नवऱ्यानं, अंबाजींनी, मुलीला शाळेत घालताना आईचं नाव कुसुम लिहिलं. आधार निघालं ते माहेरच्या दाखल्यावर. अंबाजी गेले तरी या दोन नावांचं कोणाचं काही अडलं नाही. अडलं ते चारुलता नारायणगुड्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेली तेव्हा. गरीब घरच्या मुलांची फी सरकार भरतं, त्या भरवशावरच तिनं प्रवेश घेतला होता. पण उत्पन्नाचा दाखला मंगलाचा आणि मुलीच्या दहावीच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, आई कुसुम. अर्ज परत आला. मदत मंजूर नाही तर परीक्षा नाही, असं कॉलेजनं बजावलं.

फीचे अर्ज मंजूर करणाऱ्या सरकारी कचेरीतल्या खिडकीमागच्या माणसानं दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"अम्मा, तुमारे मरद की दो बीवियां थीं क्या?"

रांग फिदीफिदी हसली. मुलीसमोर हे ऐकायचं! कुसुमताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दोनों मैंच हूं, साब. हमारे में शादी के बखत नाम बदलते."

"ऐसा कौन मानता? ससुराल के किसी की साइन लाओ, नोटरी करके."

सासरचं उरलं होतं कोण? योगिनी. कुकटपल्लीला तिचा मोठा फ्लॅट. तिनं चहा केला, चारुलताच्या मार्कांचं कौतुक केलं, आणि कागद पुढे येताच हात मागे घेतला.

"वहिनी, कोर्टाचा कागद म्हणजे उद्या काही निघालं तर? यांना विचारावं लागेल."

"माझं नाव बदलताना विचारलं होतंत का यांना, वन्सं?"

योगिनीनं साखरेचा डबा उगाच पुढे सरकवला. चहा तसाच टाकून कुसुमताई उठल्या. कौतुक करायला जिभेला हाड नसतं, सही करायला मात्र हात लुळा पडतो, असं त्या लिफ्टमध्ये मोठ्यानं म्हणाल्या. लिफ्टमधला अनोळखी गृहस्थ दचकला.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी त्या पुन्हा खिडकीशी उभ्या राहिल्या. सही नव्हती. चारुलता हळूच म्हणाली, "आई, राहू दे ना. मी जॉब बघते."

त्या शब्दांनी उरलासुरला धीर संपला. शिकायला निघालेली पोर, आणि तिला घरी बसवतंय काय, तर आईचं बारसं!

"लिखो साब," त्या कडाडल्या, "कुसुम मर गई. अब मंगलाच है मां."

माणसानं मान वर न करता सांगितलं, "तो डेथ सर्टिफिकेट लाओ."

या वेळी रांगेतलं कोणी हसलं नाही. जेवणाची वेळ झाली, खिडकी धाडकन बंद झाली. कुसुमताई वळल्या आणि खिडकीमागच्या खोलीच्या दारात, थेट उंबऱ्यावर, मांडी घालून बसल्या. आई, लोक बघतायत, म्हणून चारुलता खांदा ओढत होती. बघू देत, त्या म्हणाल्या. चूक कोणाची आहे तेही बघू देत.

दार उघडलं. डबा हातात घेऊन तो माणूस समोर उभा राहिला. बाहेर जायला वाट एवढीच होती.

"उठो अम्मा."

कुसुमताईंनी मान वर केली.

"किसकू उठा रहे, साब? मंगलाकू, की कुसुमकू?"