अमेरिकेच्या बँडवर ठेवलेला नारळ

माझा भाचा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मशीनवर आहे. त्याच कंपनीत मी झाडू मारतो. भाचा आमच्याकडेच राहतो, त्यामुळे सकाळी त्याच्या मोटारसायकलवर मी मागे. तो कायम काळा टी-शर्ट घालतो, पाठीवर हाडांचा सापळा. म्हणजे मिरजोळ्यापर्यंत सापळा आणि मी तोंडाला तोंड लावून.

हा सापळा एका अमेरिकन बँडचा. भाच्याच्या मोबाईलवर ती केसाळ माणसं गायला लागली की अशी बोंबलतात, एकदा आमचा शेजारी दांडका घेऊन आला. त्याला वाटलं आमच्या परसात डुक्कर अडकलाय. मला त्या गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मला मराठी गाण्यातलं तरी कुठे कळतं! मी चार वर्षं शाळेत गेलो ती पहिलीतच. मला आवडायचा तो त्यांचा ड्रमवाला. घामाने निथळलेला, डोळे मिटलेले, कोणाचं ऐकत नाही. बोललो, हा तर मीच!

कारण आमच्या वाडीच्या नमनात मृदंग माझ्याकडे होता. शिमग्यात नमनाचा खेळ होतो, त्यात गौळण असते, आणि राधा, गवळणी सगळे आमचे बाप्येच साड्या नेसून होतात. मी वाजवायला बसलो की मला रंग चढतो. रंग चढला की हात पळतात. गेल्या शिमग्यात हात इतके पळाले की राधेची साडी पायात आली आणि ती सरळ मंडळाच्या अध्यक्षांच्या मांडीवर जाऊन बसली. राधा म्हणजे आमच्या वाडीतला गवंडी. वजनदार माणूस. अध्यक्ष बरेच दिवस लंगडत होते.

भाचा मला त्या बँडची हकीकत रोज गाडीवर थोडी थोडी सांगायचा. एका गॅरेजात सुरुवात केली. मग एक जण बायकोच्या सांगण्यावरून बाहेर पडला. मग गाणारा आणि गिटारवाला बोलेनासे झाले, एकाच गाडीत तोंडं फिरवून बसायचे. "ह्यांचं तर आपल्या मंडळासारखंच रे," मी बोलायचो. शनिवारी हकीकत कुठवर आली, तर त्यांनी जुना ड्रमवाला काढून नवीन घेतला आणि पुढची रेकॉर्ड साफ आपटली. लोकांनी बाटल्या फेकून मारल्या. तेवढ्यात कंपनीचं गेट आलं.

रविवारी देवळात वाडीची बैठक. विषय मी.

"तू वाजवतोस झकास," अध्यक्ष बोलले, "पण नाचणाऱ्यांना हाडं आहेत रे बाबा. यंदा नवीन पोराला बसवू."

"मला डॉक्टरने गुडघा जपायला सांगितलंय," राधा बोलली.

मृदंग गेला तर वाडीत मला विचारतो कोण? मग मला तो बँड आठवला.

आमच्या बैठकीत एक रीत आहे. आपलं कोणी मानत नसेल तर देवासमोर नारळ ठेवायचा आणि साक्षीदार उभा करायचा. तो सांगेल ते दोन्ही बाजूंनी मानायचं. बहुतेक नारळ बांधावरून नाहीतर फणसावरून ठेवतात. मी ठेवला अमेरिकेवरून.

"अमेरिकेत एक बँड आहे," मी उभा राहून बोललो. "त्यांनीही जुना वाजवणारा काढला. पुढे काय झालं ते हा माझा भाचा सांगेल. तो सांगेल ते मला मान्य!"

भाचा एकदम उठला. "मामा, बसा जरा. ते राहू दे."

"का राहू दे? घाबरतोस कोणाला? सांग!"

"मामा, खरंच नको."

"नारळ ठेवलाय मी!"

"नवीन आल्यावर पहिली रेकॉर्ड आपटली," भाचा जमिनीकडे बघून बोलला.

"ऐका!" मी अध्यक्षांकडे बघितलं.

"दुसरी जगभर चालली. एवढी कधीच चालली नव्हती. अजून तिच्यावरच खातायत."

मी हळूच विचारलं, "ही दुसरी कधी आली?"

"मामा, ते मी सोमवारी सांगणार होतो."

मग जी काय माणसं हसली! राधा तर खांबाला धरून हसत होती. अध्यक्षांनी नारळ फोडला आणि मोठी वाटी माझ्या हातात दिली. "खा. गोड आहे."

सोमवारी गाडीवर मी तोंड फिरवून बसलो. अर्ध्या वाटेत भाचा बोलला, "मामा, तो जुना ड्रमवाला पुढे एकदा परत आला होता. एका गाण्यापुरता. लोक उभे राहिले, रडले."

"हे काल का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही वाटी खात होतात."

मी तोंड वाकडं करून ठरवलं, तालमीला जायचंच नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. नवीन पोराला मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावता येत नव्हती. मीच मळली, मीच लावली, थाप मारून बघितली. आवाज असा घुमला की हात काढवेना. अध्यक्ष खाकरले तेव्हा काढला.

पोरगा चांगला वाजवतो. खोटं कशाला बोला. राधेने अख्खी गौळण केली आणि कोणाच्याही मांडीवर न बसता जागेवर परत आली. मला बरं वाटलं आणि अजिबात बरं वाटलं नाही. माझे हात माझ्या मांडीवर सुरूच होते, आणि पोराच्या पुढे पळायला लागले. पोरगा गडबडला.

"हात मांडीखाली घाल!" अध्यक्ष ओरडले.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. मग पाय सुरू झाले.