सुमनच्या नावाची ओटी

सुमन, माझी बायको, गेली तेव्हापासून मी देवाशी नीट बोललोच नव्हतो. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून रोज सिद्धेश्वराच्या देवळात जायचो, ते बंद केलं. छातीतली गाठ तिनं लाजेपोटी आठ महिने माझ्यापासूनसुद्धा लपवली, आणि राग मी देवावर काढत होतो. तिच्या नावानं प्रतिष्ठान काढलं ते काही भक्तीनं नव्हे, घरात बसवत नव्हतं म्हणून. गावोगाव बायकांची फुकट तपासणी करायची, एवढंच ठरवलं. पहिल्या दोन गावांत कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या गावी, वळसंगलाही, तसंच झालं तर सगळं बंद करायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं.

तिथल्या समाजमंदिरात तपासणीसाठी सोबत आणलेल्या डॉक्टरीणबाई दुपारपर्यंत रिकाम्या बसून होत्या. मी नुसता आत-बाहेर करत होतो. एका जागी उभं राहवेना. तेवढ्यात शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली आणि बोर्डाकडं बोट करून म्हणाली, "काय लिवलंय वो?" मी वैतागूनच वाचलं, "कैलासवासी सौभाग्यवती सुमन स्मृती कर्करोग तपासणी."

"मेलेल्या बाईचं नाव आन् मरणाचा रोग एकाच फळ्यावर. कोण यील हितं?" मग म्हणाली, "बाई सवाष्ण गेली न्हवं? मग तिच्या नावानं वट्या भरा की. न्हाय कोण म्हनंल?"

जन्मभर मास्तरकी केली, पण हे काही मला सुचलं नव्हतं. बोर्ड उतरवला. दुकानातून खण, नारळ, तांदूळ आणले. म्हातारीच घरोघर सवाष्णींना सांगून आली. तासाभरात रांग लागली. डॉक्टरीणबाई प्रत्येकीला आधी सगळं समजावून सांगत, तपासत, मग स्वतःच्या हातानं ओटी भरत. एकही बाई मागे फिरली नाही.

शेवटी म्हातारी तेवढी पायरीखाली उभी होती. "आजी, तुम्ही?" मी विचारलं.

"माजं कुंकू कवाच गेलं. माजी कसली वटी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सवाष्णी बोलवायच्या नादात अशा बायकांना मीच दाराबाहेर ठेवलं होतं. सुमननं मला चांगलंच झापलं असतं. मी हात जोडले, "तिच्यासाठी तरी चला." शेळ्या माझ्यावर सोपवून ती कुरकुरत आत गेली.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "दिवसभरात एकच गाठ सापडली, आजींना. लहान आहे. उद्याच सोलापूरला घेऊन या."

आजींवर उपचार झाले, त्या बऱ्या आहेत. देवानं त्यांना माझ्या मदतीला धाडलं, असं मी दुपारभर समजत होतो. धाडलं होतं ते मला, रुसून बसलेल्याला, त्यांच्यासाठी. सुमन का गेली, हे अजून कळलेलं नाही, आणि तिची आठवण रोज येते. पण आता मी देवळात जातो, जाब न विचारता हात जोडतो, बाकी त्याच्यावर सोडतो. आणि गावात ओटीचं आवतण देताना सवाष्णी म्हणत नाही. सगळ्याजणी या, म्हणतो.