पाठीवरचं कापड

मैत्रिणींनो, आज दुपारी म्हसावदला दिराच्या साखरपुड्याला गेले होते. दोन वर्षांची लेक पाठीवर, मऊ सुती कापडात बांधलेली. माझे हात मोकळे, पोर गाढ झोपलेली.

मंडपात शिरताच चुलतसासूबाईंनी, म्हणजे आमच्या काकूंनी, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय वं, मजुरनीसारखं पोरले पाठवर बांधी उनी? चार मान्सं शेतस आठे." चारचौघांत शोभत नाही, असा सूर.

तेवढ्यात पुण्याची नणंद म्हणाली, "काकू, याला बेबी कॅरियर म्हणतात. पुण्यात सगळ्या आया वापरतात, ऑनलाइन मिळतं."

झालं. काकूंचा चेहरा एकदम गोड. कापड बोटांत चोळून बघितलं, शेजारच्या बाईलाही दाखवलं. "कितलं मऊ शे. मन्हा नातूसाठे बी एक मांगाडी दे ना."

मी म्हटलं, "मागवायचं कशाला? आमच्याकडे मिरची तोडायला धडगावच्या आदिवासी पाड्यावरून जमनाबाई येते ना, तिने दिलंय. गाठही तिनेच शिकवली. तुमच्यासाठी सांगू का तिला?"

काकूंनी कापड असं सोडलं, जसा काही चटका बसला. वर पदराला हात पुसले.

कापडालाही जात असते, हे मला आज समजलं. ती कोणत्या साबणाने निघते, कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. काकूंना पाठवते.