बेचाळीस खिळे

माझी मावशी एकटी मासेमारीला जाते असं सांगितलं की लोक आधी तिचं वय विचारतात आणि मग माझ्याकडे असं बघतात, जणू मीच तिला पाण्यात ढकललं. तिला ढकलणं एकोणसाठ वर्षांत कोणाला जमलेलं नाही. थांबवणंही नाही.

काका, म्हणजे तिचे यजमान, होड्या बांधणारे सुतार. मावशीची लाकडी होडी त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बांधली. मग कितीतरी वर्षं दोघं मिळून जायचे, काका वल्ह्यावर आणि मावशी जाळ्यावर. तीन वर्षांपूर्वी काकांचे गुडघे गेले. होडीत चढता येईना, चढले तर उतरता येईना. तेव्हापासून ते अंगणातल्या कामाच्या बाकावर बसून लोकांच्या खुर्च्या दुरुस्त करतात, आणि मावशी वल्हंही मारते, जाळंही टाकते.

पाण्यात तिचं काही अडत नव्हतं, अडायचं ते किनाऱ्यावर. आमच्याकडे होडी पाण्यात ठेवून घरी येता येत नाही, भरती आली की लाटा तिला दगडांवर आपटतात. म्हणून रोज परतल्यावर ती उतारावरून वर ओढून खुंटाला बांधायची. लाकडी होडी ओढायला दोन माणसं लागतात. मावशी दोरी हातात धरून उभी राहायची आणि विचारायची, "कोणी मोकळं आहे का?" कधी लगेच कोणी यायचं, कधी तासाने. येणारा एक हात दोरीला लावायचा आणि तोंडाने सल्ला द्यायचा, "वहिनी, पुरे झालं आता. बसा घरी." फुकटच्या मदतीसारखी महाग गोष्ट नाही, हे मी तिथे शिकले. मावशी हसून घ्यायची. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जास्तच जोरात घासायची.

मग एक दिवस काकांनी होडीच्या तळाला स्क्रू ड्रायव्हर लावून बघितला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड कुजलं होतं. नवी होडी घ्यायला हवी किंवा जाणं बंद करायला हवं. बंद करण्याचा विषय काकांनी काढला नाही, पण मावशीचा भाऊ, म्हणजे माझा मामा, लगेच म्हणाला, "चला, निसर्गानेच निकाल लावला."

"निसर्गाने तळ कुजवलाय, माझे हात नाहीत," मावशी म्हणाली, आणि मला फोन केला. टेम्पो माझा आहे. म्हणून या गोष्टीत मी आहे.

आधी गेलो साचेवाल्याकडे. हा फायबरच्या होड्या करतो. दारातच एक पांढरी होडी उलटी ठेवलेली होती. काका काठी टेकत तिच्याजवळ गेले, पुढच्या बाजूवरून हात फिरवला आणि थांबले. "हे वळण माझं आहे," ते म्हणाले.

साचेवाला लाजला नाही, उलट खूश झाला. "तुमच्याच होडीवरून साचा घेतला होता ना, काका. सात-आठ वर्षं झाली. तुम्ही विसरलात. आता निम्मा किनारा तुमच्याच होडीतून हिंडतो."

मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. लाकूड गेलं होतं, पण त्यांचा हात तिथे जसाच्या तसा होता. माझ्या मनात आलं, झालं, निर्णय झाला. फायबरची होडी कुजत नाही, लाटेत लाकडासारखी चालते, मुख्य म्हणजे आवाज करत नाही. उथळ पाण्यात आवाज झाला की मासा पळालाच समजा.

मावशी म्हणाली, "सुंदर आहे. सरळ करा आणि उतारावर ठेवा."

टेम्पोतून तिने आपले दोन लाकडी ओंडके काढले, होडीखाली सरकवले, दोरी खांद्यावर घेतली आणि ओढायला लागली. चार पावलं गेली आणि होडी थांबली. मी पुढे झाले तर माझ्यावर खेकसली, "तू रोज येणार आहेस का? मग हात लावू नकोस." पुन्हा ओढली, पुन्हा पाच पावलं. तिच्या मानेची शीर दोरीएवढी फुगली. तिसऱ्यांदा होडी मागे घसरली, तेव्हा तिने दोरी नीट गुंडाळली आणि साचेवाल्याला म्हणाली, "येते."

आम्ही टेम्पोत बसून परत निघालो. काका खिडकीबाहेर बघत होते. पत्रेवाल्याची कार्यशाळा आली तेव्हा ते खाली उतरलेच नाहीत. "डब्यात बसून मासे धरायचे असतील तर तू बघ," एवढंच म्हणाले.

पत्रेवाल्याची ॲल्युमिनियमची होडी दिसायला खरोखरच डबा होती. नाकाड सरळ, बाजूंना वेल्डिंगचे व्रण. पण मावशीने दोरी खांद्यावर घेतली आणि ती उतार चढून गेली. धापा टाकत गेली, एकदा टेकलीही, पण गेली. वर पोचल्यावर वळून आमच्याकडे पाहिलं. तिचा असा चेहरा मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही.

"आवाज करते हो ही," पत्रेवाला स्वतःच म्हणाला. प्रामाणिक माणूस. "आत लाकडी फळ्या घाला, दबेल. आणि एक लक्षात ठेवा, तांबं हिला लागू देऊ नका. खारं पाणी, तांबं आणि ही, तिघं एकत्र नांदत नाहीत."

"होडीत तांब्याचा हंडा कोण नेतंय?" मी म्हणाले आणि तिघंही हसलो. माझ्या शहाणपणाची ही एक नोंद इथे करून ठेवते.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. एक घाव, दोन तुकडे. मावशीने डबा घेतला.

पहिला आठवडा काका होडी बघायला आले नाहीत. अंगणातून मात्र करवतीचा आवाज येत होता. आठव्या दिवशी त्यांनी मला हाक मारून टेम्पो आणायला सांगितला. जुन्या होडीच्या चांगल्या उरलेल्या फळ्या कापून, तासून त्यांनी नव्या होडीत बसेल असा तळ केला होता, इतका मापात की मध्ये बोट शिरू नये. तो बसवला, मावशीने वर पाय आपटून पाहिला, आणि आवाज आलाच नाही.

"आता होडी वाटते," काका म्हणाले. मावशीने मान हलवली. बस. त्या दोघांचं भांडण असं मिटतं, बघणाऱ्याला कळतही नाही.

पुढचे तीन महिने झकास गेले. मावशी कोणाला न विचारता जायची, कोणाला न विचारता यायची. सल्लागार मंडळी धक्क्यावर रिकाम्या हातांनी उभी राहायची, आणि मला त्याचा फार आनंद व्हायचा.

मग एका सकाळी किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर तिच्या पायांना पाणी लागलं. होडीत थोडं पाणी नेहमीच असतं, पण हे वाढत होतं. तिने सुरीने एक फळी उचकटली. खाली पत्र्याला सुईएवढं भोक होतं आणि त्यातून बारीक धार उडत होती. तिने हात धुवायच्या साबणाचा तुकडा चुरून त्यात दाबला, वर चिंधी, चिंधीवर टाच ठेवली आणि त्याच अवस्थेत वल्हवत परत आली. होडी ओढून वर बांधली. तीही एकटीने.

वाटेत तिला पाहिलेल्या एका होडीने धक्क्यावर बातमी आधीच पोचवली होती. "डबाच तो!" "सांगितलं होतं." मामा तर घरी येऊन बसलाच. "ताई, आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? फायबर घे आणि कोणाला तरी जोडीला घे. नाहीतर सोड." काका हातातली खुर्ची नुसती उलटसुलट करत राहिले.

मावशीने मला खुणावलं. आम्ही दोघी होडीकडे गेलो आणि सगळ्या फळ्या बाहेर काढल्या. पत्र्यावर पिठासारखी पांढरी पूड साचली होती. पण सगळीकडे नाही. ठिपक्या-ठिपक्यांनी, सरळ रांगांत. मावशीने एक फळी उलटी करून त्या रांगेशी धरली. प्रत्येक ठिपक्यासमोर एका खिळ्याचं वळवलेलं टोक होतं.

काकांचे खिळे. लाकडी होडीला तांब्याचेच खिळे मारतात, लोखंड गंजतं म्हणून. काकांनी आयुष्यभर तेच मारले. आमच्या घरी त्यांना कोणी कधी तांब्याचे म्हटलंच नाही, ते नुसते खिळे होते, हिरवे-काळे पडलेले. पत्रेवाला तांबं म्हणाला तेव्हा मला हंडा आठवला, मावशीलाही तेच. आणि ज्यांना खिळे आठवले असते ते टेम्पोत रुसून बसले होते.

"काकांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांगायचं कशाला? दाखवायचं."

तिने ती फळी उलटी करून काकांच्या बाकावर ठेवली आणि पत्रेवाल्याचं वाक्य शब्दन्‌शब्द सांगितलं. काकांनी त्या टोकांवरून एकेक करत बोट फिरवलं. मग मामाला म्हणाले, "तू जा आता घरी." मामा गेला.

काकांनी बाकीच्या फळ्याही मागवून घेतल्या आणि पकडीने खिळे उपसायला सुरुवात केली. मी मोजत होते. बेचाळीस. शेवटचा निघाल्यावर त्यांनी पकड खाली ठेवली, पण मान वर केली नाही.

"खिळ्यांनी असं होतं हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो."

"ठाऊक आहे मला. कमाल करता तुम्ही, शपथ कसली घेता?"

"पण अगं, भोक पडलं असं ऐकलं ना..." त्यांनी पकड बाकावर सरळ करून ठेवली. "तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. वाटलं, आता तू जाणार नाहीस. तू परत येईपर्यंत माझं या बाकावर कशातच लक्ष नसतं. रोज."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. मावशी त्यांच्या शेजारी बसली. खिळ्यांचा ढीग तिने ओंजळीत घेतला, बाकावरच्या बरणीत ओतला, झाकण लावलं.

"तेही ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "म्हणूनच येताना वल्हं जोरात मारते. आता फळ्यांच्या या भोकांत लाकडाच्या खुंट्या बसवा. पत्रेवाला दुपारी पत्रा सांधून देतोय. मला उद्या सकाळी जायचंय."

काकांनी नाक पुसलं, रंधा जवळ ओढला आणि विचारलं, "किती वाजता?"