एका भोंग्याचे दोन आवाज

वळणावरच्या लाँड्रीवाल्यांचं पाळण्यातलं नाव काय होतं, ते आता त्यांनाही आठवून सांगावं लागतं. सगळी गल्ली त्यांना कडकराव म्हणते. कॉलर कडक, कांजी कडक, बोलणं त्याहून कडक. वरच्या मजल्यावरून बायको नुसती खोकली तरी या माणसातली सगळी कांजी उतरते, ही गोष्ट वेगळी. आणि ती गल्लीत फक्त त्यांच्या पाठीमागे बोलली जाते.

उभं आयुष्य त्यांनी एका टेबलामागे काढलं. टेबलावर जुनं ब्लँकेट, त्यावर पांढरी चादर, डाव्या हाताला फवाऱ्याची बाटली, उजव्या हाताला इस्त्री. शर्ट आला की आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, आणि पाठ शेवटी. हा क्रम चुकला तर त्यांना दिवसभर उलटी चप्पल घातल्यासारखं वाटायचं. अशा सरळ रेषेतल्या माणसाच्या डोक्यावर पालिकेने भोंगा बसवला.

म्हणजे तसा नियमच निघाला. जिथे इस्त्री किंवा शेगडी चालते, त्या दुकानात आगीचा भोंगा हवा. जिथे गिऱ्हाइकांच्या वस्तू ठेवलेल्या असतात, तिथे चोराचा हवा. लाँड्रीला दोन्ही लागू. वर भोंग्याला परवाना, परवान्यावर एका जबाबदार व्यक्तीचं नाव, आणि भोंगा वारंवार उगाच बोंबलला तर परवाना रद्द. तो रद्द झाला की दुकानाला टाळं.

"म्हणजे भोंगा ठेवायचा, पण वाजू द्यायचा नाही?" कडकरावांनी समोरच्या सलूनवाल्याला विचारलं.

"लग्न झालेल्या पुरुषाने हे विचारावं?" सलूनवाला वस्तरा पुसत म्हणाला. "देवाने आपल्याला तोंड दिलंच आहे की!"

वायरमनने एकाच डब्यात दोन्ही भोंगे बसवून दिले. स्टुलावरून उतरता उतरता तो म्हणाला, "काका, नीट ऐका. लांब सूर आला की आग. शटर पूर्ण वर, आणि सगळ्यांनी बाहेर. तुटक तुटक आला की मागच्या दाराने चोर शिरलाय. बाहेर यायचं, शटर खाली ओढायचं, पोलिसांना फोन."

त्या वेळी कडकराव एका पडद्याच्या चुण्या बसवत होते. चुण्या झकास बसल्या. वायरमनचं बोलणं मात्र बसलं नाही. लांब आणि तुटक एवढं कानात शिरलं, पण कुठला आग आणि कुठला चोर, ते चुण्यांमध्ये कुठेतरी दाबलं गेलं. पुन्हा विचारायचं म्हणजे कमीपणा. कडकपणाचा हा एक तोटा.

मग व्हायचं तेच झालं. सलूनवाला हाफ पँटवर बाकावर बसून आपल्या पँटची वाट बघत होता. कडकरावांनी पँटवर पाणी मारलं, इस्त्री टेकवली, वाफ भसकन वर गेली आणि भोंग्याने लांबच लांब सूर धरला. कडकराव "चोर! चोर!" करत धावले आणि त्यांनी धाडकन शटर खाली ओढलं. आतून. चोर नव्हताच, आगही नव्हती. आत होते ते स्वतः, हाफ पँटमधला सलूनवाला, आणि टेबलावर उभी केलेली गरम इस्त्री.

"अहो, आग असती तर माझा पापड झाला असता!" शटर उघडल्यावर सलूनवाला ओरडला. "आणि चोर असता तर तुम्ही त्याला आमच्याच सोबतीला ठेवत होतात!"

"मग करायचं काय असतं?" कडकरावांनी अगदी मनापासून विचारलं.

सलूनवाल्यालाही सांगता येईना. पाणी तापवायच्या शेगडीमुळे नियम त्यालाही लागू होता, पण त्याने आपला डबा बसवलाच नव्हता. हे त्याने अर्थातच सांगितलं नाही.

वाफेने भोंगा असा बऱ्याचदा वाजला. शेजाऱ्यांची कुरकुर पालिकेत पोचली आणि एक माणूस येऊन बजावून गेला, "साहेब तपासणीला येणार. भोंगा वाजवतील आणि तुम्ही काय करता ते बघतील. चुकलात तर दुकान बंद."

कडकरावांचं जेवणावरचं लक्ष उडालं. इस्त्रीशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि दुकान गेलं तर सकाळी उठून कुठे जायचं हेच त्यांना सुचेना. सराव सुरू झाला. सलूनवाला समोरून तोंडाने "पँऽऽऽ" करायचा, कडकराव बाहेर धावायचे. तो "पँ-पँ-पँ" करायचा, तेव्हाही बाहेरच धावायचे आणि मग शटरकडे बघत उभे राहायचे.

"आता वर की खाली?"

"ते तुम्ही सांगायचं, कडकराव. मी फक्त भोंगा आहे!"

वरच्या खिडकीत त्यांची बायको, म्हणजे गल्लीच्या काकू, भाजी निवडत हे सगळं बघत होत्या. "अहो, मी सांगू का?" त्यांनी एकदा विचारलं.

"दुकानातलं तुला काय कळतंय!" कडकराव म्हणाले. हे वाक्य ते लग्न झाल्यापासून म्हणत आले होते, त्यामुळे ते आपोआप निघालं.

साहेब आले. चष्मा, बगलेत फाईल, चेहऱ्यावर काहीच नाही. कडकरावांनी त्या दिवशी स्वतःच्या शर्टाला इतकी कांजी घातली होती की मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागत होतं. साहेबांनी डब्याचं बटण दाबलं. लांब सूर निघाला.

कडकरावांनी इस्त्री उभी केली आणि बाहेर धाव घेतली. बाहेर पोचल्यावर वाटलं, चोर असला तर? शटर ओढलं. अर्धं आल्यावर वाटलं, आग असली तर? साहेब आत आहेत! म्हणून शटर तसंच धरून ते खालून आत वाकले. आणि तिथेच थांबले. डोकं दुकानात, बाकीचे कडकराव रस्त्यावर.

"हे नेमकं कशाचं प्रात्यक्षिक आहे?" साहेबांनी विचारलं.

"दोन्हीचं," शटरखालून आवाज आला.

तेवढ्यात काकू जिना उतरून आल्या. त्यांनी शटर वर सारलं, नवऱ्याला कॉलर धरून बाजूला केलं, आत जाऊन इस्त्रीचं बटण बंद केलं, आणि साहेबांना म्हणाल्या, "आगीचा आहे ना हा? मग तुम्ही आत कशाला उभे? चला बाहेर!" साहेब निमूट बाहेर आले. त्यांनी दुसरा आवाजही वाजवून बघितला. काकूंनी शटर खाली घेतलं, फोन कानाला लावल्यासारखं केलं आणि विचारलं, "आणखी काही?"

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"वायरमन सांगत होता तेव्हा मी जिन्यात होते. माझ्या हातात पडदा नव्हता."

साहेबांनी फाईल उघडली. "वाफेसाठी डबा टेबलापासून लांब सरकवून घ्या. परवाना कायम राहील. जबाबदार व्यक्ती कोण?"

"मी," कडकराव म्हणाले.

"तुम्ही नाही," साहेब म्हणाले, आणि काकूंचं नाव लिहिलं. "दुकान उघडं असेल तेव्हा या बाई इथे हजर पाहिजेत."

दुकान वाचलं. गल्लीने अभिनंदन केलं, पण ते घ्यायचं कुणी हे कुणालाच कळेना. काकूंनी दुसऱ्याच दिवशी काउंटरमागे खुर्ची टाकली. घड्या केलेल्या कपड्यांच्या थप्प्या हलवून ठेवल्या, घरच्या हिशेबाने. कडकरावांना आता प्रत्येक शर्ट शोधावा लागत होता. रागवायचं की सुटलो म्हणायचं, ते त्यांना ठरवता येईना.

एक नवं गिऱ्हाईक गाठोडं घेऊन दारात आलं. "मालक आहेत का?"

कडकरावांनी तोंड उघडलं. मग काकूंकडे बघितलं. मग हातातल्या इस्त्रीकडे.

काकूंनी मान वर न करताच म्हटलं, "हं, बोला."