चेहऱ्याची हजेरी

आमच्या शाळेत हजेरीचं ॲप आलं तेव्हा माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. देगलूरच्या पलीकडची जिल्हा परिषदेची शाळा. तेलंगणाची हद्द इतकी जवळ की माझा मोबाइल सकाळी महाराष्ट्रात असायचा आणि दुपारच्या खिचडीनंतर हद्द ओलांडून जायचा. तिकडच्या टॉवरचा तेलुगू मेसेज येऊन पडायचा आणि ॲप सांगायचं, आपण शाळेच्या आवारात नाही. मी तर फळ्यासमोर उभी असायचे. त्या ॲपचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलंच नाही.

हुकूम असा होता की प्रत्येक मुलाचा चेहरा नोंदवायचा. समोरून, डावीकडून, उजवीकडून. एकदा ते झालं की रोज सकाळी मोबाइल वर्गावरून फिरवायचा, हजेरी आपोआप लागणार. “नावं पुकारायची कटकटच संपली, मॅडम,” तालुक्याच्या बैठकीत कंपनीचा माणूस हसत म्हणाला. मला ती कटकट कधी वाटली नव्हती. “हाजिर बाई” कसं म्हटलं यावरून मला कळायचं, कोण उपाशी आलंय, कोण घरून मार खाऊन आलंय.

तरी हुकूम तो हुकूम. पोरं एकेक करून भिंतीपाशी उभी राहिली. कुणी केस ओले करून चापून बसवले, कुणी हसू दाबलं. गावातल्या शिंप्याची धाकटी मुलगी मात्र समोर आली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“अब्बा नको म्हणले, बाई.”

मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, “दुसऱ्या शाळेतबी नाव असंल तिचं. चेहरा नोंदवला की पकडलं जाईल म्हणून भेव वाटत असंल.”

मला वेगळाच संशय होता. त्या शिंप्याची थोरली मुलगी देगलूरला बारावीला होती, पण मी कितीतरी दिवस तिला भरदुपारी दुकानात काजबटणं करताना बघत होते. एकीचं शिक्षण बंद झालंय, आता धाकटीचंही करायचं असेल, म्हणून हजेरीचा पुरावाच नको, असं मी मनाशी पक्कं केलं आणि शाळा सुटल्यावर तडक दुकानात गेले.

शिंप्यानं मशीन थांबवलं, स्टूल पुसून पुढं केलं. गावात सगळे त्याला मास्टर म्हणायचे, मीही म्हणायचे.

“मास्टर, थोरलीला कॉलेजातून काढलं का?”

“न्हाई बाई. ट्यूशन सोडली तिनं. कालेज सकाळचं, ते चालू हाय.”

“का सोडली?”

त्यानं सुईत दोरा ओवला. मग म्हणाला, “तिनं थोडेच दिवस क्लास बघितला तिथं. आवडला न्हाई म्हणून सोडून दिला. पुढं बाजाराला गेलो तर चौकात ह्ये मोठं बॅनर. त्याच्यावर माझ्या पोरीचा फोटू, आमच्या क्लासची विद्यार्थिनी म्हणून. येणारे-जाणारे बघून राहिले. मी क्लासवाल्याकडं गेलो तर तो म्हणतो, मास्टर, फुकटची पब्लिसिटी झाली, नाराज कामून होता?”

“मग काढलं का बॅनर?”

“पावसानं फाटलं तवा गेलं. पोरगी तवापासून त्या रस्त्यानं जात न्हाई. आता तुम्ही सांगा बाई, तुम्ही फोटू काढून राहिले, पर तो जातो कुठं?”

मी म्हणाले, “सरकारी काम आहे मास्टर. कुठं जाणार?”

“म्हणजे तुम्हालाबी ठावं न्हाई.”

तो हे रागानं बोलला नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं. मी उठून आले. त्या मुलीची हजेरी मी रजिस्टरात हातानं भरत राहिले. ॲपमध्ये रोज तिच्या नावापुढं लाल खूण यायची आणि मुख्याध्यापक रोज कपाळाला आठ्या घालायचे.

दिवाळीनंतर लातूरला विभागाचं प्रशिक्षण निघालं. आमच्या शाळेतून मला पाठवलं. सभागृह मोठं, गार हवेचं, समोर भिंतभर पडदा. तालुक्याच्या बैठकीत आलेला तोच माणूस व्यासपीठावर होता. आता हजेरीच्या पुढचं पाऊल दाखवतो, असं म्हणून त्यानं बटण दाबलं आणि पडद्यावर एक वर्ग आला.

भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता मी ओळखला. माझ्याच हातचा होता. खाली माझी पोरं बसलेली. प्रत्येकाच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट, शेजारी नाव, आणि नावाखाली एकेक शब्द. आनंदी. उदास. लक्ष आहे. लक्ष नाही.

“म्हणजे शिक्षकाचं लक्ष नसलं तरी यंत्राचं असतं,” तो म्हणाला. सभागृहात हशा पिकला.

‘लक्ष नाही’ ज्याच्या नावाखाली होतं, त्या मुलाला एका डोळ्यानं दिसत नाही. फळा नीट दिसावा म्हणून तो मान वळवून बसतो. मीच त्याला तसं बसायला शिकवलंय. माझ्या वर्गात त्याच्याइतकं कान देऊन ऐकणारं दुसरं पोर नाही.

मी उभी राहिले. 

“हा माझा वर्ग आहे. हे इथं कसं आलं?”

तो गडबडला नाही. “छान, मॅडम! टाळ्या वाजवा मॅडमसाठी. आपल्या वर्गाची पायलट प्रोजेक्टसाठी निवड झालीय.”

“मला कुणी विचारलं नाही. पोरांच्या आईबापांनाही नाही.”

“नोंदणी करताना आपण ‘मान्य आहे’ दाबलंय, मॅडम.”

“मी हजेरीला मान्य म्हटलं. पोराच्या मनात काय चाललंय ते पडद्यावर दाखवायला नाही. आणि तेसुद्धा खोटं दाखवताय.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बसा हो मॅडम, जेवायची वेळ झाली.” पुन्हा हसू उठलं. पडदा पुढच्या चित्रावर गेला. जेवताना उदगीरकडच्या एक बाई ताट घेऊन माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, “आमच्या वर्गाचंबी असंल का हो कुठं?”

गावात परतल्यावर मी पालकांची सभा बोलावली आणि बघितलं ते सगळं सांगितलं. एक आई खूश झाली. “लातूरला दिसलं व्हय आमचं लेकरू?” म्हणाली. त्या एका डोळ्याच्या मुलाचा बाप मान खाली घालून बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, “पुढं नोकरीला जाईल तवा हे निघंल का बाई, लक्ष न्हाई म्हणून?” सभेत कुणी हसलं नाही. शिंपी दाराजवळ उभा होता. तो मला ‘बघा, मी म्हणलो होतो’ असं म्हणेल याची मी वाट बघत होते. तो म्हणाला, “आता ते पुसून टाकाय लावता येतं का?”

फोटो काढून टाका, असा अर्ज आम्ही केला. मुख्याध्यापकांनी बरीच टाळाटाळ केली, पण त्या मुलाच्या बापासमोर त्यांना सही नाकारता आली नाही. मी तालुक्याला फोन करत राहिले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, प्रक्रियेत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर नवा हुकूम आला. जुनं ॲप मोबाइलमधून काढा, आता दुसरं येणार. मी ते काढून टाकलं. माझ्या मोबाइलमधून चेहरे गेले. बाकी कुठून गेले, कुठं राहिले, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.

नव्या ॲपच्या प्रशिक्षणाला मुख्याध्यापक स्वतः जाणार होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“मॅडम, त्या लातूरच्या पडद्यावर,” त्यांनी आवाज खाली आणला, “मागं आपण शिक्षकबी दिसून राहिलो होतो का? आपल्या नावाखाली काय लिहिलं होतं?”

“मी पोरांकडंच बघत होते सर. बाकीचं बघितलंच नाही.”

त्यांनी मोबाइल उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि टेबलावर पालथा घालून ठेवला.