रेइनोची वाकडी वाट

आमच्या उत्तर मिशिगनमध्ये नाताळ संपला की लोक घरातलं झाड कचऱ्यात टाकत नसत, रेइनो कांगासच्या शेडपाशी आणून टाकायचे. रेइनो ती झाडं गोठलेल्या हाउकी तळ्यावर रोवायचा. बर्फात भोक पाडायचं, झाड उभं करायचं, वर पाणी ओतायचं, रात्रीत घट्ट. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल गाड्या त्या रांगेच्या कडेने पलीकडच्या सरकारी जंगलात जायच्या. पाट्या कोणी वाचत नाही, हे रेइनोला ठाऊक होतं. म्हणून त्याचा एकच नियम: झाड आहे तिथवर जायचं, झाडं संपली की थांबायचं. आमची पोरं चालायला लागली की आधी हे शिकायची.

जंगलातल्या वाटा आमचा स्नोमोबाइलवाल्यांचा क्लब सांभाळतो. म्हणजे रेइनो सांभाळायचा आणि आम्ही सूचना करायचो. उन्हाळ्यात चाकांनी वाट उखडू नये म्हणून चिखलाच्या जागी तो धोंडे लोटून ठेवी, आणि फोरव्हीलरवाले त्याच्या नावाने बोटं मोडत.

तळ्यावरची त्याची रांग कधी सरळ नसे. आमच्या काठाजवळ ओढा तळ्याला मिळतो, तिथे ती लांबून वळसा घेई. त्याचा मेहुणा कार्लो लुओमा, काठावरच्या बारचा मालक, दरवर्षी चिडवायचा, "दाजी, रांग लावलीत की माझ्याकडून पिऊन निघालात?"

"खाली पाणी चालतंय," रेइनो म्हणायचा. बस्स, एवढंच. मला त्याचा हा तुटकपणा अजिबात आवडत नसे. वाहत्या पाण्यावर बर्फ पातळ राहतो, एवढं तरी माणसाने समजावून सांगावं की!

त्या वर्षी मार्च लागतो न लागतो तोच छपरं गळायला लागली. दक्षिणेचा वारा थांबेना. रेइनोने सगळी झाडं काढून काठावर ढीग घातला.

"हंगामाचा शेवटचा शनिवार-रविवार, आणि वाट बंद?" कार्लो भडकला. "माझं गिऱ्हाईक काय आभाळातून टपकणार?"

रेइनोने शेवटचं झाड ढिगावर टाकलं आणि घरी गेला.

शनिवारी दिवस कलताना आम्ही तिघं नेहमीप्रमाणे रेइनोच्या सौनात वाफ घेत बसलो होतो. कार्लो खुशीत होता.

"दाजी, रागवू नका. दुपारी मी झाडं परत लावली. काठाशी आरपार भोक पाडून बघितलं, हातभर बर्फ आहे. पुढची भोकं वरवरच पाडली. आणि सरळ लावलीत एकदाची!"

तापल्या दगडांवर पाणी ओतायची पळी रेइनोच्या हातात तशीच राहिली. "सरळ? ओढ्याच्या तोंडावरून?"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत कार्लोचा फोन वाजला. त्याने जाऊन उचलला. त्याची मुलगी आयला होती, ती तळ्यापलीकडच्या गावात नर्स आहे.

"बाबा, झाडं दिसतायत की परत! मग रस्त्याने कशाला येऊ? स्नोमोबाइलने तळ्यावरूनच निघते."

तो तोंड उघडायच्या आत फोन बंद झाला. परत लावला तर उचलेना.

आम्ही बाहेर धावलो. धुकं उतरत होतं. लांबवर एक दिवा झाडांच्या रांगेने येत होता. कार्लो बॅटरी हलवून जिवाच्या आकांताने ओरडला. पोरीला वाटलं, बाप वाट बघतोय. तिने दिवा लुकलुकवला आणि वेग वाढवला.

रेइनो कधी विजार चढवून बर्फावर उतरला, कळलंच नाही. कार्लो मागे धावला तसा रेइनो ओरडला, "मागे फिर! दोघांचं वजन नको."

झाडांभोवतीचं पाणी अजून गोठलं नव्हतं, म्हणून झाडं हाताने निघत होती. एक उपटलं, आडवं टाकलं, मग पुढचं. त्याच्या पायाखाली ओल चमकत होती. धुक्यात तो दिसेनासा झाला. नुसता झाडं आपटल्याचा आवाज येत राहिला. मग तोही येईना.

दिवा थांबला.

"झाडं संपली म्हणून थांबले," आयला नंतर रडत म्हणाली. "आतोबांनीच शिकवलं होतं." तिच्या पुढ्यात काळं पाणी होतं आणि त्याच्या कडेला उपटलेलं शेवटचं झाड. रेइनो बर्फ वितळल्यावर सापडला.

आता झाडं कार्लो लावतो. ओढ्यापाशी रेइनोपेक्षाही मोठा वळसा घेतो. गेल्या जानेवारीत बाहेरगावचं एक गिऱ्हाईक गाडी थांबवून हसलं, "काय हो, रांग लावलीत की पिऊन निघालात?"

कार्लोने मान वर केली नाही. तो पुढचं भोक पाडत राहिला.

"खाली पाणी चालतंय," म्हणाला.